वनिताबाईंनी निवडलेला लॅपटॉप

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरकडे वळणाऱ्या रस्त्याला लागून तिसरं दुकान कुंडलिक आणि वनिता यांचं. पाटीवर फक्त 'मोटर रिवाइंडिंग' एवढंच लिहिलेलं. कुंडलिक विहिरींवर आणि नदीकाठच्या पंपांवर जाऊन जळालेल्या मोटरी उपसून आणतो, आणि दुकानात बसून त्यांत नव्याने तार भरते ती वनिता. लग्न होऊन कामथडीला आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी पहिलं वर्षभर तिला जळकी तार तोडून काढायला बसवलं, दुसऱ्या वर्षी वेढे मोजायला. तिसऱ्या वर्षी एक रिकामी मोटर तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "आता तुझं तू भर." त्याला वीस वर्षं झाली.

या वीस वर्षांत तिच्या हाताला एक जाण आली होती. मोटर उघडण्याआधी ती दोन्ही हातांनी जराशी उचलायची, आणि आत तांब्याची तार आहे की अ‍ॅल्युमिनियमची ते सांगून टाकायची. वेल्ह्याकडचा गेनबा एकदा कोरी करकरीत मोटर टेम्पोतून घेऊन आला होता. वनिताने ती उचलून खाली ठेवली.

"अल्मुनियम हाये, भाऊ."

"आवं, आजून बिलाची घडी मोडली न्हाई," गेनबा म्हणाला.

"बिल नवंच आसंल. त्येला कोन काय म्हनतंय?"

मोटर उघडली तर आत पांढरी तार. तेव्हापासून गेनबा नवी मोटर घ्यायची झाली की दुकानदाराला सांगायचा, थांबा, आधी वैनींना उचलू द्या. आणि वनिता खरंच त्याच्याबरोबर जायची. मोटर हलकी निघाली तर दुकानदार हमखास म्हणायचा, नवीन तंत्र आहे, म्हणून हलकी. वनिता पदराला हात पुसून बाहेर यायची. हलकं म्हणजे आतून काहीतरी काढून घेतलेलं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. हातानेच ते तिला सांगितलं होतं, म्हणून त्याबद्दल तिला कधी शंका आली नाही.

पण हाताने जसं दिलं तसं काही घेतलंही होतं. तार ओढून ओढून तिचा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. सकाळी चहाची कपबशी तिला डाव्या हाताने धरावी लागे. मुलगी सारिका संध्याकाळी दुकानात येऊन मोटरीत तारेखाली घालायच्या कागदाच्या पट्ट्या कापून द्यायची, कॉइल बांधायला मदत करायची, तेव्हा वनिता तिच्या बोटांकडे बघत बसायची. लांब, सरळ बोटं. या पोरीला तारेवर बसवायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी पक्कं केलेलं होतं. बाकी तिने पोरीच्या बाबतीत कसला हट्ट धरला नव्हता.

सारिकाचं चित्र काढणं लहानपणापासूनचं. बारावीच्या वर्षी तिने चौदा एप्रिलचा गावचा फ्लेक्स मोबाईलवरच तयार केला. फोटोंची गर्दी नाही, नुसता निळा रंग आणि एक ओळ. छापणाऱ्याने विचारलं, हे पुण्यातल्या कुणाकडून करून घेतलंत? त्यानंतर तिने प्रवेशपरीक्षा दिली आणि पुण्यातल्या एका विद्यापीठात डिझाइनच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला. समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीतही नाव आलं होतं. पण सारिकाच म्हणाली की ती रोज जाऊन येऊन करील. आई एकटी पडेल, हे ती बोलली नाही, तरी सगळ्यांना कळलं.

विद्यापीठाने एक कागद दिला होता. लॅपटॉप कसा हवा, त्यात काय काय हवं. तो घेऊन जुलैत तिघंही पुण्याला गेले.

दुकानात अभिषेक नावाचा मुलगा होता. त्याने कागद नीट वाचला आणि दोन लॅपटॉप काढून काचेवर ठेवले. एक चपटा, राखाडी. दुसरा काळा, जाड, मागच्या बाजूला जाळ्या असलेला.

"मावशी, कागदात लिहिलंय ते दोन्हीत बसतं. पण मी म्हणेन हा राखाडी घ्या. सव्वा किलोचा आहे. रंग खरे दिसतात, आणि चार्ज केला की दिवस जातो."

"आन् ह्यो?"

"हा अडीच किलो. ताकदीचा आहे, नाही असं नाही. पण हा गेम खेळणारे नेतात. घरी टेबलावर ठेवून वापरायचा."

"किमतीला?"

"जवळजवळ सारखेच."

वनिताने पुढे होऊन आधी राखाडी उचलला. मग काळा उचलला. काळा तिने थोडा जास्त वेळ हातात धरला.

"निम्म्या वजनाच्या मालाला तेवढीच किंमत," ती म्हणाली. "मग ह्यातनं काय काढून घेतलंय?"

अभिषेक हसला. "काढलं काही नाही मावशी. बारीक केलंय."

"पंपवाला बी हेच म्हनतो."

कुंडलिकला हसू आवरेना. "झालं. हिनं उचाललं म्हंजी निकाल लागला. आता तू कागद गुंडाळून ठिव, बाबा."

सारिका राखाडी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती. "आई, मला हा बरा वाटतोय."

"दिसायला बरा हाये. चार वर्सं टिकाय पायजे."

सारिकाने राखाडी लॅपटॉप मिटला. लहानपणापासून तिने आईचा हात एकदाही चुकलेला पाहिला नव्हता. खरं तर त्या क्षणी तिलाही वाटलं की राखाडी जरा पोकळच असेल. अभिषेकने काळ्याचा चार्जर खोक्यात घातला. तो पाऊण विटेएवढा होता. वनिताला तोही पसंत पडला.

वर्ग सुरू झाले. सकाळी कुंडलिक तिला मोटारसायकलवरून कामथडीहून फाट्यावर आणून सोडायचा. दुकानात पाणी पिऊन ती भोर-स्वारगेट एसटी धरायची. बस भोरहूनच भरून यायची, त्यामुळे पार कात्रजपर्यंत उभं राहणं ठरलेलं. बसमध्ये पाठीवर पिशवी घेऊन उभं राहिलं की मागचे ओरडायचे, म्हणून ती पिशवी उजव्या खांद्यावर पुढे घ्यायची. लॅपटॉप, चार्जर, चित्रांच्या वह्या, रंगांची पेटी, डबा, पाण्याची बाटली. संध्याकाळी तेच सगळं उलट्या दिशेने.

सुरुवातीला ती दुकानात बसून वनिताला काय काय दाखवायची. मग दाखवणं कमी झालं. दिवाळीनंतर पट्ट्या कापताना तिच्या हातून कात्री दोनदा पडली. वनिता म्हणाली, "मोबाईल कमी बघत जा, हात ताळ्यावर ऱ्हाईल." सारिका एका बाजूला झुकून चालते, हे कुंडलिकच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "ही बघ, कलेक्टरसारखी ऐटीत चालाय लागली." दोघी हसल्या. वनिताही हसली होती, हे तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी वार्निशचा डबा संपला म्हणून वनिताने फळीवरचे मागचे डबे पुढे ओढले. त्यांच्यामागे फडक्यात गुंडाळलेला काळा चार्जर होता. पोर विसरून गेली, असं तिला वाटलं. चार्जरशिवाय ते यंत्र तासभर जेमतेम चालतं, हे तिला माहीत होतं. आज मॅडमना काही दाखवायचं आहे, असं सारिका काल म्हणाली होती. फोन लावला तर उचलला गेला नाही. कुंडलिक वेल्ह्याच्या बाजूला एका पंपावर गेलेला. वनिताने हातातली मोटर तशीच ठेवली, शटर ओढलं आणि चार्जर पिशवीत टाकून एसटी धरली.

विद्यापीठात ती याआधी एकदाच आली होती, प्रवेशाच्या दिवशी. वॉचमनने इमारत दाखवली. आत लांब व्हरांडा होता, आणि जिकडेतिकडे मुलं बसलेली. पायरीवर, कट्ट्यावर, झाडाखाली. प्रत्येकाच्या मांडीवर चपटा लॅपटॉप. एक मुलगी उघडा लॅपटॉप पसरलेल्या हातावर ताटासारखा घेऊन, चालता चालताच कुणाला तरी काही दाखवत होती. कुणाचीही कसलीही वायर भिंतीत गेलेली नव्हती. वनिताने बघितलं. पिशवीतला चार्जर तिच्या गुडघ्याला आपटत होता.

सारिका व्हरांड्यात नव्हती. एका मुलाने सांगितलं, ती कॉम्प्युटर लॅबमध्ये असते, रोजच असते.

लॅबच्या दाराला काच होती. आत विद्यापीठाच्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर सारिका पाठमोरी बसली होती. तिची पिशवी खाली पडलेली, न उघडलेली. वनिता हाक मारणार तेवढ्यात तिला पोरीचे हात दिसले. उजवा हात मांडीवर ठेवला होता. माऊस होता डाव्या हातात, आणि ती तो अगदी हळू, पहिलीतलं मूल अक्षर गिरवतं तसा सरकवत होती. एक रेष ओढली, पुसली. पुन्हा ओढली.

वनिता आत जाऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. सारिका दचकली.

"तू कशी काय?"

"चार्जर ऱ्हायला व्हता तुझा."

सारिकाने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "राहिला नव्हता, आई. मीच ठेवते रोज."

"रोज?"

"सकाळी ठेवते, संध्याकाळी काढते. एक किलोनं कमी होतं. लॅपटॉप ठेवला असता तर तुला दिसला असता."

वनिताने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मग पहिल्या बोटाच्या टोकाशी, मग दुसऱ्याच्या. कुठे दाबलं की काय होतं, हे वनिताला विचारावं लागलं नाही. तरी तिने विचारलं.

"कुठवर?"

"इथपर्यंत. कधी कोपरापर्यंत."

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आन् मला सांगाया काय झालं व्हतं?"

सारिकाने खांदे उडवले, पण उजवा खांदा नीट उचलला गेला नाही. "काय सांगायचं? तू निवडलेला होता."

त्यांच्या मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. वनिता उठून उभी राहिली, तर त्यांनी तिला बसायला लावलं आणि स्वतःही खुर्ची ओढून बसल्या. त्या शांतपणे बोलल्या. सारिकाच्या तीन कामांपैकी दोन अपुरी आहेत. शेवटचं मोठं काम अकरा दिवसांनी मांडायचं आहे. तेही अपुरं राहिलं तर हे सत्र तिला पुन्हा करावं लागेल.

"काम काय हाये?" वनिताने विचारलं.

"आपल्या गावातली एक रोजची वस्तू घेऊन ती नव्याने करायची. हिने तुमच्या फाट्यावरचं एसटीचं वेळापत्रक घेतलंय. कुणालाच नीट वाचता येत नाही, म्हणून. कल्पना फार चांगली आहे. पण ही लॅब पाचला बंद होते, आणि हिचं काम तिथेच थांबतं. घरी पोचून वही उघडेपर्यंत हात साथ देत नाही. बाकीची मुलं बसमध्ये, कट्ट्यावर, कुठेही बसून करतात." त्या वनिताकडे वळल्या. "तुम्ही रागावू नका तिला."

"न्हाई, मॅडम," वनिता म्हणाली. "तिला न्हाई."

दोघी बाहेर कट्ट्यावर येऊन बसल्या. सारिकाने डबा उघडला, एक घास खाल्ला आणि झाकण लावलं.

"त्या दुकानदाराकडं जाऊ," वनिता म्हणाली. "बदलून घिऊ."

"मी जाऊन आले. अभिषेक दादानं सांगितलं, आता निम्मे पैसेही यायचे नाहीत. तो वाईट नाही बोलला. पुढच्या वर्षी बघा म्हणाला."

"काय म्हनला आजून?"

"काही नाही."

"सारिका."

"म्हणाला, मावशींना सांगितलं होतं मी."

वनिता समोरच्या झाडाकडे बघत राहिली. दुकानात तो मुलगा काय काय म्हणाला होता ते तिला आता शब्दन् शब्द आठवत होतं. त्याने एकही खोटं सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत तिला फसवायला आलेली माणसं जे बोलायची, तेच तो खरं म्हणून बोलला होता, आणि तिला त्यातला फरक कळला नव्हता.

"टेबलावर ठेवला तर चांगलाय गं तो," सारिका म्हणाली. आईची समजूत घालताना तिचा आवाज वडिलांसारखा व्हायचा. "मोठी चित्रं पटापट उघडतो. पडदा मोठाय. रंग तेवढे फसवतात, ते मी लॅबमध्ये तपासते. तो खोटा नाहीये. फक्त उचलायचा नाही."

मग तिने पिशवीच्या मागच्या कप्प्यातून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झालेला. वसतिगृहाचा अर्ज. विद्यापीठापासून दहा मिनिटांवर, एक जागा रिकामी झालेली. पालकांच्या सहीची जागा कोरी होती. तारीख महिन्यापूर्वीची.

"भरला का न्हाईस?"

"मोटरी तुला एकटीला भराव्या लागल्या असत्या. तुझी बोटं." सारिकाने कागद पुन्हा घडी घातला. "आणि का जायचंय, ते सांगावं लागलं असतं."

वनिताने घडी उलगडली. कट्ट्यावर डबा पालथा घालून त्यावर कागद ठेवला आणि सही केली. अंगठा धरत नव्हता, म्हणून 'वनिता'तला व दोन वेळा गिरवावा लागला.

अर्ज त्यांनी जाताजाताच वसतिगृहात दिला; जागा अजून रिकामीच होती. परतीच्या बसमध्ये पिशवी वनिताने स्वतःच्या खांद्यावर घेतली. कात्रजचा बोगदा गेला तरी उभीच होती. खेडशिवापूरच्या टोलनाक्यावर बस थांबली तेव्हा तिने खांदा बदलला. सारिका तिच्याकडे बघत होती. "दे आता," ती म्हणाली, आणि वनिताने मान हलवली.

त्या संध्याकाळी नसरापूरच्या डॉक्टरांनी सारिकाची मान, खांदा, बोटं तपासली. मानेतली शीर दाबली गेली आहे. तीन महिने त्या खांद्यावर काही घ्यायचं नाही, लिहिणं कमी. बरं होईल का, असं कुंडलिकने विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक होईल. घरी येईपर्यंत कुंडलिकने एकही चेष्टा केली नाही. दार उघडताना फक्त एवढंच म्हणाला, "मी म्हनलो व्हतो, कागद गुंडाळून ठिव म्हनून. मीच म्हनलो व्हतो." वनिता आत निघून गेली.

दोन दिवसांनी, रविवारी, ते तिला सोडायला गेले. गादी आणि बादली कुंडलिककडे, कपड्यांची पिशवी सारिकाच्या डाव्या हातात, लॅपटॉप आणि चार्जर वनिताकडे. पुरुषांना वर सोडत नव्हते, म्हणून कुंडलिक खाली फाटकाशी थांबला आणि गादी-बादली तिथल्या एका मावशींनी वर नेली. दुसऱ्या मजल्यावरची खोली. दोन पलंग, दोन टेबलं, एका खिडकीतून कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाक्या दिसत होत्या. वनिताने लॅपटॉप टेबलावर ठेवला, खाली वाकून चार्जर भिंतीत खोचला. यंत्राचा पंखा घरघरायला लागला. आवाजावरून तिला बेअरिंग बरं वाटलं, पण ते ती बोलली नाही.

सारिका खुर्चीत बसली. कपडे तसेच पिशवीत होते. नऊ दिवस उरले होते. तिने वेळापत्रक उघडलं, माऊस डाव्या बाजूला घेतला आणि कामाला लागली. वनिताने गादी घातली, चादर ताणली, बादली कोपऱ्यात ठेवली. आणखी करण्यासारखं काही राहिलं नाही, तशी ती नुसती उभी राहिली.

"आई, तिथून वाचता येतंय का?" सारिकाने मागे न बघता विचारलं.

वनिताने पडद्याकडे बघितलं. "भोर. सहा पस्तीस. सासवड, सात."

"अजून मागे जा. दारापाशी."

ती दारापाशी गेली. "महाड. साडेनऊ."

"अजून."

ती व्हरांड्यात आली. समोरच्या भिंतीला तिची पाठ टेकली. तिथून सारिकाचं डोकं, तिचा झुकलेला खांदा आणि त्याच्या पलीकडे पडद्यावरच्या निळ्या पट्ट्या दिसत होत्या. उजवा हात मांडीवर होता. खालून कुंडलिकने हाक मारली, गाडीची वेळ झाली होती.

"दिसतंय?"

"पट्ट्या दिसत्यात," वनिता म्हणाली. "आकडं न्हाई दिसत."

"थांब, मोठे करते."

वनिता थांबली. सारिकाने एक आकडा धरला, तो निसटला. तिने तो पुन्हा धरला. डाव्या हाताला वेळ लागत होता. खालून दुसरी हाक आली, आणि वनिताने ओ दिली नाही.